आपला ब्लॉग जगात कोण वाचते?

मराठीत नेमाने ब्लॉग लिहिणारा माणूस कधी ना कधी आकडेवारीचे पान उघडतो. तिथे देशांची यादी असते. वर भारत, त्याखाली अमेरिका, सिंगापूर, जर्मनी, आयर्लंड, मध्येच रशिया किंवा ब्राझील. कोकणातल्या ग्रामदेवतेच्या जत्रेवरचा लेख ब्राझीलमध्ये कोणी उघडला असेल, याचे कुतूहल वाटणे साहजिक आहे. दूरदेशी गेलेला कोणी गाववाला असेल, की मराठी शिकणारा एखादा विद्यार्थी? की तिथे कोणी माणूस नव्हताच?

या प्रश्नाचे बरेचसे उत्तर घरबसल्या आणि फुकट शोधता येते. त्यासाठी संगणकशास्त्र यायला हवे असे नाही. यादीतला आकडा कसा तयार होतो हे एकदा समजून घ्यावे लागते, दोन-तीन साधने शेजारी ठेवून ताडून पाहावी लागतात, आणि शेवटी वाचकालाच विचारावे लागते. यांतली एकही पायरी वगळली, तर हाती उरतो तो देशांच्या नावांचा नुसता तक्ता.

देश कळतो कसा?

इंटरनेटच्या प्रत्येक जोडणीला एक क्रमांक असतो, आयपी पत्ता. वाचकाने लेख उघडला की हा क्रमांक ब्लॉगच्या सर्व्हरपर्यंत पोहोचतो, आणि क्रमांकांचे कोष्टक पाहून त्याचा देश ठरवला जातो. जगभरात हे क्रमांक वाटून देण्याचे काम पाच प्रादेशिक संस्था करतात. भारताचा समावेश असलेल्या आशिया-प्रशांत विभागाची संस्था म्हणजे ‘एपीनिक’. तिचे मुख्यालय ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला आहे.

मराठी माणसाला ही व्यवस्था पिनकोडवरून चटकन समजेल. श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या कल्पनेतून 15 ऑगस्ट 1972 रोजी सुरू झालेल्या पिनकोडचा पहिला आकडा 4 असला, की पत्र महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश किंवा छत्तीसगड यांपैकी कुठेतरी जायचे आहे एवढे कळते. पुढच्या आकड्यांवरून टपाल कार्यालय कळते, पण घर कळत नाही. आयपी पत्त्यावरूनही मुलूख कळतो, घर नाही. फरक इतकाच, की गावाचा पिनकोड सहसा बदलत नाही. इंटरनेट कंपन्या मात्र आपले क्रमांक आज एका शहरात, उद्या दुसऱ्या शहरात वापरू शकतात. म्हणून देशाचा अंदाज बहुतेक वेळा बरोबर येतो, शहराचा अनेकदा चुकतो. मोबाइलवर वाचणाऱ्यांच्या बाबतीत ही चूक अधिक होते. साताऱ्यात बसून फोनवर लेख वाचणारा वाचक आकडेवारीत मुंबईचा दिसू शकतो, कारण त्याच्या कंपनीची वाहतूक मुंबईतून इंटरनेटवर जाते.

हा अंदाज किती फसू शकतो, याचा धडा अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या एका शेताने दिला. आयपी पत्त्यांवरून ठिकाण सांगणाऱ्या ‘मॅक्समाइंड’ या कंपनीला ज्या क्रमांकांबद्दल ‘अमेरिकेत कुठेतरी’ एवढेच माहीत होते, ते सगळे तिने देशाच्या साधारण मध्यभागी असलेल्या एका बिंदूवर टाकले होते. तो बिंदू पोटविन गावाजवळच्या त्या शेतघरावर पडत होता. 2016 मध्ये हे प्रकरण वृत्तांतून उजेडात आले, तेव्हा तिथे 60 कोटींहून अधिक क्रमांक नोंदलेले होते. इंटरनेटवरच्या फसवणुकीचे बळी आणि पोलीस वर्षानुवर्षे त्या घराच्या दारात येत होते. राहणाऱ्यांचा कशाशीही संबंध नव्हता. पुढे कंपनीने तो बिंदू हलवून एका जलाशयात नेला. ब्लॉगच्या नकाशावरचा प्रत्येक ठिपका पाहताना हे शेत आठवावे. ठिपका म्हणजे ‘साधारण इकडे’, एवढेच.

कोणते साधन काय दाखवते?

‘ब्लॉगर’ ही सेवा वापरणाऱ्यांना आकडेवारीचे पान तयारच मिळते. लेख किती वेळा उघडला, कोणत्या देशांतून, कोणत्या संकेतस्थळावरून वाचक आले, हे त्यात दिसते. लेखकाच्या स्वतःच्या भेटी मोजू नयेत अशी सोयही तिथे आहे आणि ती पहिल्याच दिवशी वापरावी. नव्या ब्लॉगवर लेखक स्वतः शुद्धलेखन तपासायला वारंवार पान उघडतो, आणि तेवढेच ‘वाचक’ वाढतात. ‘वर्डप्रेस डॉट कॉम’वरच्या आकडेवारीत ‘व्ह्यूज’ आणि ‘व्हिजिटर्स’ वेगळे मोजले जातात. एकाच व्यक्तीने पाच लेख वाचले तर ‘व्ह्यूज’ पाच आणि ‘व्हिजिटर’ एक. वाचक किती, या प्रश्नासाठी दुसरा आकडा पाहावा. तीच व्यक्ती दुपारी कार्यालयातल्या संगणकावर आणि रात्री फोनवर आली, तर तीही दोनदा मोजली जाऊ शकते.

दुसरे साधन ‘गूगल अ‍ॅनालिटिक्स’. 2005 मध्ये सुरू झालेल्या या सेवेची जुनी आवृत्ती 1 जुलै 2023 पासून थांबली आणि आता ‘जीए4’ वापरात आहे. यात देशाबरोबर शहर, वाचकाच्या ब्राउझरची भाषा आणि पानावर घालवलेला वेळ कळतो. ‘एंगेज्ड सेशन’ हा त्यातला उपयुक्त आकडा आहे. भेट 10 सेकंदांपेक्षा जास्त टिकली, किंवा वाचकाने दोन वा अधिक पाने पाहिली, किंवा लेखकाने महत्त्वाची ठरवलेली एखादी कृती केली, तर ती भेट यात धरली जाते. एका देशातून शंभर भेटी आणि ‘एंगेज्ड’ जवळजवळ शून्य असतील, तर तिथे वाचन झालेले नाही.

तिसरे साधन ‘गूगल सर्च कन्सोल’. अनेक ब्लॉगलेखक याकडे वळतच नाहीत, आणि वाचक ओळखण्यासाठी सर्वांत बोलके साधन नेमके हेच आहे. गूगलवर काय शोधताना ब्लॉग समोर आला, कोणत्या देशात आला, किती जणांनी त्यावर टिचकी मारली, याची मागच्या 16 महिन्यांची नोंद इथे मिळते. ब्लॉगच्या साध्या आकडेवारीत शोधशब्दांचा रकाना जवळपास रिकामा का दिसतो, याचेही उत्तर गूगलकडेच आहे. 2011 पासून गूगलने शोध टप्प्याटप्प्याने कूटबद्ध केले, आणि वाचकाने काय टंकले ते संकेतस्थळांना थेट कळेनासे झाले. अत्यंत विरळ शोधशब्द सर्च कन्सोलही लपवते, म्हणजे त्यावरून कोणा एका माणसाची ओळख पटू नये.

माणूस की यंत्र?

देशांच्या यादीतली बरीच गर्दी यंत्रांची असते. शोधयंत्रांसाठी पाने गोळा करणारे, मजकूर उतरवून घेणारे, सुरक्षेतल्या फटी चाचपणारे असे असंख्य बॉट दिवसरात्र फिरत असतात. त्यांची ठिकाणे ठरलेली आहेत. व्हर्जिनियातले अ‍ॅशबर्न, ओरेगॉनमधले बोर्डमन, आयोवातले कौन्सिल ब्लफ्स ही नावे शहरांच्या यादीत वारंवार दिसू लागली, तर तिथे मराठी मंडळ स्थापन झाले असे समजू नये. ही प्रचंड डेटा सेंटरांची गावे आहेत. डब्लिन, फ्रँकफर्ट आणि सिंगापूर यांचे निदान जरा अवघड, कारण तिथे डेटा सेंटरही आहेत आणि मराठी माणसेही.

अशा वेळी तीन खुणा शेजारी ठेवाव्यात. पहिली खूण वेळेची. माणूस 1,500 शब्दांचा लेख दोन सेकंदांत वाचत नाही. दुसरी भाषेची. फ्रँकफर्टहून आलेल्या वाचकाच्या ब्राउझरची भाषा मराठी किंवा ‘भारतीय इंग्रजी’ असेल, तर तो बहुधा नोकरी-शिक्षणासाठी तिकडे गेलेला आपलाच माणूस. तिसरी खूण वाटेची. एका लेखावरून त्याच विषयावरच्या दुसऱ्या लेखाकडे जाणारा वाचक माणूसच असण्याची शक्यता मोठी. एका मिनिटात जुने-नवे चाळीस लेख ओळीने उघडणारे यंत्र असते.

आणखी एक सावधगिरी बाळगावी. ‘कुठून आले’ या रकान्यात कधी कधी अनोळखी, भडक नावांची संकेतस्थळे दिसतात. आपला दुवा कोणी दिला, या उत्सुकतेने लेखकाने तिथे टिचकी मारावी यासाठीच ती नावे खोट्या भेटींतून पेरलेली असतात. ती उघडू नयेत. खरोखर दुवा दिला आहे का हे पाहायचे असेल, तर गूगलवर आपल्या ब्लॉगचे नाव अवतरणचिन्हांत टाकून शोधावे.

आकडेवारीत न येणारे वाचक

यंत्रांमुळे आकडा फुगतो, तसा अनेक कारणांनी तो आटतोही. अनेक ब्लॉगांचे नवे लेख एका जागी दाखवणाऱ्या फीड रीडरमध्ये पूर्ण लेख वाचणारा वाचक ब्लॉगवर येतच नाही. 1 जुलै 2013 रोजी ‘गूगल रीडर’ बंद झाल्यावर असे वाचक कमी झाले, पण ‘फीडली’सारख्या सेवांतून वाचणारे आजही आहेत. जाहिराती अडवणारी साधने वापरणाऱ्यांच्या भेटी ‘अ‍ॅनालिटिक्स’मध्ये सहसा नोंदल्या जात नाहीत. चीनमध्ये ‘ब्लॉगर’ अडवलेले आहे. शांघायमधला मराठी अभियंता दुसऱ्या देशातून वाट काढणारे व्हीपीएन लावून वाचतो, आणि यादीत जपान किंवा अमेरिकेच्या नावावर जमा होतो.

लेख ईमेलने पाठवणाऱ्यांनी ‘इतक्यांनी उघडला’ या आकड्यावर फार विसंबू नये. सप्टेंबर 2021 पासून अ‍ॅपलच्या मेल अ‍ॅपमध्ये आलेल्या गोपनीयतेच्या सोयीमुळे, वाचकाने पत्र उघडले नाही तरी त्यातली चित्रे आधीच उतरवली जातात आणि पत्र ‘उघडले’ असे नोंदले जाते. त्याचे खरे ठिकाणही झाकले जाते. दुव्यावर किती जणांनी टिचकी मारली, हा आकडा त्यापेक्षा भरवशाचा.

मराठी लेखनाच्या बाबतीत सर्वांत मोठा न दिसणारा रस्ता व्हॉट्सअ‍ॅपचा. कोणी लेखाचा दुवा नातेवाइकांच्या गटात टाकला आणि तिथून वाचक आले, तर आकडेवारी त्यांना बहुतेक वेळा ‘डायरेक्ट’ म्हणते, म्हणजे कुठून आले ते ठाऊक नाही. यावर सोपा उपाय आहे. दुवा पाठवताना त्याच्या शेपटीला खूण जोडावी. गूगलच्या ‘कॅम्पेन यूआरएल बिल्डर’ या मोफत पानावर लेखाचा पत्ता टाकून ‘पुणे गट’, ‘लंडन गट’, ‘माजी विद्यार्थी’ अशा वेगवेगळ्या खुणांचे दुवे तयार होतात. मग कोणत्या गटातून किती वाचक आले हे ‘अ‍ॅनालिटिक्स’मध्ये स्वतंत्र दिसते. संपूर्ण लेखच उचलून गटात चिकटवला, तर मात्र त्याचा माग कुठल्याच साधनाला लागत नाही.

शोधशब्द आणि घड्याळ

देश कळला, यंत्रे वगळली, आता माणसाचा अंदाज बांधायचा. समजा, सांगलीची एक लेखिका पाककृती लिहिते आणि सर्च कन्सोलमध्ये तिला दिसते की अमेरिकेतून येणारे बहुतेक शोध ‘पुरणपोळी’ असे देवनागरीत नसून रोमन अक्षरांत आहेत, आणि त्यांना ‘ओव्हन’, ‘चणाडाळीऐवजी’, ‘गूळ नसेल तर’ असे शब्द जोडलेले आहेत. एवढ्यावरून वाचक पुष्कळ स्पष्ट होतो. त्याला मराठी वाचता येते, पण टंकताना तो रोमन वापरतो. त्याच्या स्वयंपाकघरात काही जिन्नस नाहीत आणि सण तोंडावर आला आहे. ही माहिती देशांच्या नकाशात कधीच मिळाली नसती.

लेख कोणत्या वेळी वाचले जातात, यातूनही बरेच कळते. भारतीय वेळेपेक्षा न्यूयॉर्क उन्हाळ्यात साडेनऊ तास आणि हिवाळ्यात साडेदहा तास मागे असते, लंडन साडेचार आणि साडेपाच तास, दुबई बाराही महिने दीड तास. सिडनी ऋतूनुसार साडेचार किंवा साडेपाच तास पुढे. अमेरिकेतले वाचन भारतातल्या सकाळी सहा ते नऊच्या दरम्यान वाढत असेल, तर तिकडे संध्याकाळ-रात्र आहे, म्हणजे माणसे कामावरून घरी येऊन वाचत आहेत. तेच वाचन चोवीस तास सपाट पसरलेले असेल, तर पुन्हा यंत्रांचा संशय घ्यावा.

मराठीचा स्वतःचा नकाशा

2011 च्या जनगणनेत 8 कोटी 30 लाखांहून अधिक लोकांनी मराठी ही मातृभाषा नोंदवली. ती सगळी माणसे महाराष्ट्र-गोव्यात नाहीत. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदा, बेळगाव, हैदराबाद इथली मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या तिथलीच झाली आहेत. देशांच्या यादीत ती सगळी ‘भारत’ या एकाच ओळीत मिसळून जातात. त्यामुळे शहरांची यादी अंदाजे का असेना, पण अवश्य पाहावी.

परदेशातल्या काही नावांमागे मोठा इतिहास आहे. इस्रायलमध्ये कोकणातून गेलेल्या बेने इस्रायली समाजाने मराठी जपली आणि ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिकही चालवले. मॉरिशसमध्ये 19 व्या शतकात गेलेल्या मराठी मजुरांचे वंशज आहेत. लंडनचे महाराष्ट्र मंडळ 1932 चे, उत्तर अमेरिकेचे बृहन्महाराष्ट्र मंडळ 1981 चे. या देशांतून आलेली भेट डेटा सेंटरची आहे की वाचकाची, हे ठरवताना ही पार्श्वभूमी उपयोगी पडते. मॉरिशसमधून महिन्याला चारच भेटी आल्या आणि चारही गणेशोत्सवावरच्या लेखाला आल्या, तर त्या अमेरिकेच्या चारशे अस्पष्ट भेटींपेक्षा अधिक अर्थपूर्ण आहेत.

सरळ विचारावे

कोणतेही साधन खात्रीने सांगू शकत नाही की वाचक साठीचा आहे की विशीचा, त्याला लेखात काय भावले, तो का परत येतो. ते विचारावेच लागते. विज्ञानपत्रकार एड योंग ‘नॉट एक्झॅक्टली रॉकेट सायन्स’ हा ब्लॉग लिहीत असत, तेव्हा वर्षातून एकदा ते वाचकांनाच विचारत: तुम्ही कोण, काय करता, इथवर कसे पोहोचलात? एरवी गप्प राहणारे वाचक त्या दिवशी स्वतःबद्दल भरभरून लिहीत. हेच योंग पुढे 2021 मध्ये पुलित्झर पारितोषिकाचे मानकरी ठरले.

दुसरे उदाहरण स्कॉटलंडचे. 2012 मध्ये अर्गाइल भागातल्या नऊ वर्षांच्या एका मुलीने शाळेत मिळणाऱ्या जेवणाची रोज छायाचित्रे काढून ‘नेव्हर सेकंड्स’ हा ब्लॉग सुरू केला. जेवणाला गुण दिलेले, खाली दोन-चार ओळी, इतकेच. लवकरच वेगवेगळ्या देशांतली मुले आपापल्या शाळेतल्या जेवणाची छायाचित्रे तिला पाठवू लागली आणि ती ते फोटो ब्लॉगवर मांडू लागली. आपला वाचक कोण आहे, हे तिला वाचकांच्या ताटांवरून कळले. स्थानिक परिषदेने जूनमध्ये छायाचित्रांवर बंदी घातली, जगभरातून निषेध झाला आणि दुसऱ्याच दिवशी ती बंदी उठवावी लागली. त्याच वाचकांनी दिलेल्या देणग्या एक लाख पौंडांच्या वर गेल्या. त्यातून मलावीतल्या शाळकरी मुलांच्या जेवणाची सोय झाली.

यातून घ्यायचा धडा असा, की ‘प्रतिक्रिया कळवा’ एवढे म्हणून भागत नाही. वाचकाला सहज देता येईल अशी, नेमकी गोष्ट मागावी. भाषेवर लिहिणाऱ्याने ‘तुमच्या घरी या वस्तूला काय म्हणतात?’ असे विचारावे. गणपतीवर लिहिणाऱ्याने आपापल्या गावच्या आरासीचा फोटो मागावा. उत्तराबरोबर गावाचे आणि देशाचे नाव आपोआप येते. वर्षातून एकदा ‘गूगल फॉर्म’वर पाच प्रश्नांची छोटी पाहणीही करावी: सध्या कोणत्या शहरात राहता, देवनागरी सहज वाचता की सवय सुटली आहे, हा ब्लॉग पहिल्यांदा कसा सापडला, फोनवर वाचता की संगणकावर, आणि पुढे कशावर वाचायला आवडेल. नाव, फोन किंवा जन्मतारीख मागू नये. उत्तर देणारे वाचक अधिक जिव्हाळ्याचे असतात, म्हणून त्यांच्या टक्केवारीवरून सगळ्या वाचकांबद्दल निष्कर्ष काढू नये.

वाचकाचा आडपडदा

वाचक ओळखणे आणि वाचकावर पाळत ठेवणे या दोन गोष्टींत स्पष्ट रेषा आहे. विकिमीडिया फाउंडेशन मराठीसह सर्व विकिपीडियांच्या देशवार वाचनाचे आकडे खुले करते, पण अगदी लहान आकडे झाकते आणि जिथे वाचकाला धोका होऊ शकतो अशा काही देशांची माहिती देतच नाही. 2023 पासून तपशीलवार आकडे देताना ती त्यांत गणिती पद्धतीने थोडा फेरफार करते, म्हणजे एका व्यक्तीचा माग काढता येत नाही. एवढी मोठी संस्था इतकी काळजी घेत असेल, तर एकट्या लेखकानेही घ्यावी. दुर्मीळ ठिकाणाहून आलेल्या एखाद्या वाचकाचा तपशील लेखात जाहीर करू नये. कोणा ओळखीच्या व्यक्तीने काय वाचले याचा तर्क करून तिला तसे बोलून दाखवू नये.

कायद्याची बाजूही लक्षात ठेवावी. युरोपीय संघाचा माहितीसंरक्षणाचा नियम 25 मे 2018 पासून लागू आहे आणि भारतात 2023 मध्ये डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण अधिनियम झाला. ‘ब्लॉगर’ युरोपातल्या वाचकांना कुकींची, म्हणजे त्यांच्या ब्राउझरमध्ये साठवल्या जाणाऱ्या ओळखखुणांची, सूचना स्वतःहून दाखवते. लेखकाने आणखी एखादे मोजणीयंत्र जोडले, तर त्याची माहिती देण्याची जबाबदारी त्याची. कुकी न वापरता मोजणारी ‘प्लॉसिबल’ किंवा ‘गोटकाउंटर’सारखी साधने निवडली तर हा भार हलका होतो. ब्लॉगच्या कडेला झेंडे आणि नकाशे फिरवणारी जुनी फुकट यंत्रे मात्र काढून टाकलेली बरी. ती पान जड करतात आणि वाचकाची माहिती तिसऱ्याच कोणाकडे पोहोचवतात.

कळल्यावर काय बदलावे?

वाचक कुठे आहे हे कळल्यावर लेखनात छोटे, ठोस बदल करता येतात. पाककृतीत वाटीबरोबर ग्रॅमही द्यावेत, कारण मेलबर्नच्या घरातली वाटी वेगळी असते. ‘सध्या कडाक्याची थंडी आहे’ असे डिसेंबरात लिहिताना तिकडे भर उन्हाळा असतो, तेव्हा महिना आणि ठिकाण सांगावे. एसटी, पतपेढी, सात-बारा हे शब्द ठेवावेतच, पण परदेशात वाढलेला वाचक बराच असेल तर पहिल्या उल्लेखात अर्ध्या वाक्यात खुलासा करावा. अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया दोन्हीकडे वाचक असतील, तर शनिवारी भारतातल्या सकाळी सातला लेख टाकणे सोयीचे. जूनमध्ये त्या वेळी न्यूयॉर्कला शुक्रवारचे रात्री साडेनऊ, सॅन फ्रान्सिस्कोला संध्याकाळचे साडेसहा, आणि सिडनीला शनिवारचे सकाळी साडेअकरा वाजलेले असतात.

आकडेवारी रोज पाहू नये. महिन्यातून एकदा अर्धा तास काढून एका वहीत चार नोंदी कराव्यात: यंत्रे वगळून उरलेले पहिले पाच देश, प्रत्येक देशात सर्वाधिक वाचलेला लेख, सर्च कन्सोलमधले नवे दहा शोधशब्द, आणि महिन्याभरात आलेली पत्रे-निरोप. सहा महिन्यांच्या नोंदी जमल्या की एकच बदल करावा, मग तो प्रकाशनाच्या वेळेचा असो, मापांचा असो वा विषयाचा, आणि पुढचे दोन महिने त्याच रकान्यांत त्याचा परिणाम तपासावा. दोन बदल एकदम केले, तर वाचन कशामुळे वाढले ते सांगता येणार नाही.